मूठ तीच, मग प्रत्येक शैलीचा ठोसा वेगळा का?

उलटा_ठोसा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार,

बरीच वर्षं शोतोकान कराटे करतोय आणि गेल्या पावसाळ्यापासून जोडीला बॉक्सिंग सुरू केलंय. दोन्हीकडे मूठ वळायची आणि समोरच्याला मारायची, काम एवढंच. पण शिकवण जवळजवळ उलटी! कराटेत ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना दुसरा हात कमरेशी खेचायचा, मागची टाच जमिनीला चिकटलेली, मूठ शेवटच्या क्षणी फिरून आडवी, आणि लागायला हव्यात त्या तर्जनी नि मधल्या बोटाच्या नकल्स (मुठीवरचे उंचवटे). बॉक्सिंगचे सर म्हणतात, हात कमरेला गेला की जबडा उघडा पडला. हात गालाशी, हनुवटी आत, खांदा वर आणि मागची टाच उचलून बाहेर फिरवायची.

त्यात ऑफिसातला एक मित्र विंग चुन या चिनी शैलीवाला. त्याची मूठ उभी, कोपर खाली, लागणार खालच्या तीन नकल्स आणि एकामागोमाग एक सरळ बुक्क्यांचा पाऊस.

माझं मत असं की कुठला ठोसा 'बरोबर' हे शैलीच्या नावावरून ठरतच नाही. हातावर काय चढवलंय आणि समोरच्याला काय काय करायची मुभा आहे, यावरून ठोशाचा आकार ठरतो. बाकी परंपरा, गुरू, पट्टे हे सगळं त्यानंतर.

तुम्ही जे शिकलात त्यात हात कसा वापरतात आणि का, ते लिहा. 'आमचीच शैली भारी' एवढंच लिहिण्यापेक्षा कारण लिहिलंत तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

ठाणेकर_चहावाला

जबरी विषय. जागा पकडून ठेवतो, सावकाश वाचणार.

हाडांचा_डॉक्टर

मी मारामारीतला नाही, मारामारीनंतरचा आहे. हाडांच्या बाजूने लिहितो.

तळहातात मेटाकार्पल नावाची पाच हाडं असतात. तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं मनगटाशी जवळजवळ जखडलेलं असतं. अनामिका आणि करंगळीची मुळाशी हलतात. आत्ता करून बघा: डाव्या हाताच्या चिमटीत उजव्या करंगळीची नकल धरा आणि वर-खाली हलवा. हलते. आता तेच मधल्या बोटाचं करा. ढिम्म. कराटेवाले पहिल्या दोन नकल्सचा आग्रह धरतात त्यामागे हे आहे.

आमच्याकडे नेहमी येणारं फ्रॅक्चर म्हणजे करंगळीच्या मेटाकार्पलची मान मोडलेली. त्याचं नाव बॉक्सर्स फ्रॅक्चर, पण घेऊन येणाऱ्यांत बॉक्सर क्वचितच असतो. भिंतीवर, दारावर, गोदरेजच्या कपाटावर राग काढलेला कुणीतरी असतो. हात बाहेरून गोल फिरवून हाणला की करंगळीची बाजू आधी लागते.

आणखी एक गोष्ट, जी शैलीच्या चर्चेत कुणी बोलत नाही: दात. तोंडावर बुक्की मारली आणि नकलवर बारीकशी चीर पडली तर ती साधी जखम समजू नका. मूठ वळलेली असताना दात सांध्यापर्यंत जातो, मूठ उघडली की कातडी आणि स्नायूची दोरी मागे सरकतात आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. दुसऱ्या दिवशी हात फुगतो. कितीही छोटी दिसली तरी वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची.

लालबागचा_जॅब

डॉक्टरसाहेब, दंडवत. बॉक्सिंगच्या बाजूने मी लिहितो.

धागाकर्त्याचं मत बॉक्सिंगच्या इतिहासातच पुरेपूर सिद्ध होतं. १७४३ मध्ये जॅक ब्राउटनने इंग्लंडात नियम केले तेव्हा लढत उघड्या मुठीने व्हायची. त्या काळातल्या मुष्टियोद्ध्यांची चित्रं पाहा: हात बरेच पुढे आणि खाली, धड मागे कललेलं, मुठी उभ्या. आजच्या बॉक्सरला ते विचित्र वाटतं. पण उघड्या मुठीने कपाळावर दणका दिला तर मारणाऱ्याचाच हात जातो, म्हणून ते अंतर राखून निवडक मारायचे, अंगावर भरपूर मारायचे आणि पकडून पाडायचेसुद्धा. १८८९ मध्ये जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांची उघड्या मुठीची लढत ७५ फेऱ्या चालली. कुणीतरी खाली पडला की फेरी संपायची, असा तो हिशोब होता.

क्वीन्सबरी नियम १८६७ चे. ग्लोव्हज, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पकडून आपटणं बंद. तोच सलिव्हन १८९२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला ग्लोव्हज घालून उतरला आणि जेम्स कॉर्बेटने त्याला २१व्या फेरीत झोपवला. पायांची हालचाल, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), चुकवणं यावर कॉर्बेट जिंकला. ग्लोव्ह आल्यावर ग्लोव्हच्याच मागे लपता येऊ लागलं, हाताची भीती गेली, डोक्यावर एकामागून एक हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेले ठोसे) मारता येऊ लागले. लोकांना वाटतं ग्लोव्ह डोकं वाचवायला असतं. तसं नाही, ते हात वाचवतं.

आता वादाचा मुद्दा. कराटेतला तो कमरेला खेचलेला हात मला कधीच पटलेला नाही. जबड्यापाशी हवा असलेला हात तुम्ही पट्ट्यापाशी ठेवता. कशासाठी?

नाहाची_वाट

कराटेच्याच गोजु-र्यू शैलीतली आहे, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

खेचलेल्या हाताला हिकिते म्हणतात. तो हात रिकामा असतो असं समजलं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण कराटे जिथून आलं त्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या कराटेत त्या हातात समोरच्याचं मनगट, बाही किंवा कोपर असतं. त्याला ओढून तोल घालवायचा आणि तो पुढे येताना दुसऱ्या हाताने मारायचं. म्हणजे दोन हातांची एकच क्रिया. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशींनी १९२२ मध्ये टोकियोत कराटे दाखवलं आणि पुढे ते शाळा-विद्यापीठांत पसरलं. रांगेत उभ्या शेकडो मुलांना एका तालात शिकवताना पकड गळाली, नुसता कमरेला जाणारा हात उरला. आपल्या सोसायट्यांच्या हॉलमधले क्लास तोच नमुना चालवतात.

चोजुन मियागींच्या गोजु-र्यूमध्ये तर जवळचं काम खूप आहे. उघडा हात, तळव्याची टाच, पकड, ओढणं, मग ठोसा. आमच्या जोडीच्या सरावात कमरेला आलेल्या हातात काही नसेल तर सेन्सेई (आमचे गुरू) थांबवतात.

लालबागचा_जॅब

ताई, समजावलंत छान. पण सहजासहजी मनगट देतो कोण? जॅब टाकून हात परत यायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो. घामाने भिजलेला हात पकडून दाखवा.

नाहाची_वाट

लांबून जॅब पकडायचाच नाही मुळी. दोघं अंगाला भिडले, हात हातात अडकले, की मग ही गोष्ट आहे. तुमच्याकडे तिथे पंच येऊन 'ब्रेक' म्हणतात, म्हणून ती वेळच येत नाही. धागाकर्त्याच्या भाषेत सांगायचं तर मुभा वेगळी.

उलटा_ठोसा

हे दोघं भांडताहेत ते माझ्याच मुद्द्यासाठी, त्यामुळे मला आनंदच आहे! क्योकुशिनचं उदाहरण घ्या. मासुतात्सु ओयामांची ही शैली पूर्ण संपर्काची, हातावर काहीही नाही. स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते पण चेहऱ्यावर मुठीने मारायला बंदी. परिणाम? दोघं छातीला छाती भिडवून उभे, हात खाली, बरगड्यांवर आणि पोटावर दणादण ठोसे. शरीर इतकं कणखर होतं की बघवत नाही. पण चेहऱ्याकडे येणारा ठोसा चुकवायची सवय मात्र वेगळी लावून घ्यावी लागते.

याउलट आमची अंतर राखून गुण मिळवायची कराटे. मागून झेप, एक ग्याकु-झुकी, स्पर्श, परत मागे. ल्योटो माचिडाने हेच अंतराचं कसब पिंजऱ्यातल्या लढतीत (ठोसे, लाथा, पकड सगळं चालतं) नेलं आणि २००९ मध्ये यूएफसी या त्यातल्या मोठ्या स्पर्धेचं लाइट हेवीवेट विजेतेपद मिळवलं. तो हात कमरेला ठेवत नव्हता, पण समोरचा आत आला की मागच्या हाताचा सरळ ठोसा, हे शिक्षण शोतोकानचंच.

कोल्हापुरी_लंगोट

आमच्या तालमीत बुक्की मारली तर वस्ताद कान पिरगाळून बाहेर काढतील. कुस्तीत हात मारायला नाही, धरायला. पण एक सांगतो. सलामी झाली की पहिला पंजा जातो मानेवर. तो पंजा जोरात पडला की नवख्याचे डोळे फिरतात, मग पट काढायला (पाय धरून पाडायला) कितीसा वेळ? ठोसा मारणाऱ्याचा हात लांब जातो, आणि लांब गेलेला हात म्हणजे आम्हाला दिलेलं आमंत्रण.

ठाणेकर_चहावाला

पैलवान आले! आता धागा शंभरी गाठणार.

साखळी_बुक्की

वर ज्याचा उल्लेख झाला तो विंग चुनवाला मित्र मीच, त्यामुळे माझी बाजूही नोंदवतो.

मूठ उभी का, तर कोपर खाली आणि बरगड्यांपुढे राहावं म्हणून. मूठ आडवी केली की कोपर बाहेर उघडतं. करून बघा, आरशासमोर. कोपर खाली ठेवून हात सरळ नाकाच्या रेषेत गेला की तोच हात मारतो आणि तोच येणाऱ्या हाताला बाजूला सारतो. म्हणून आमच्याकडे 'आधी अडव, मग मार' असे दोन ताल नाहीत. चि साओ या जोडीच्या सरावात दोघांचे हात चिकटलेले असतात आणि डोळ्यांपेक्षा कातडीवर भरवसा ठेवायला शिकवतात. आमच्या शैलीचे प्रसिद्ध गुरू इप मान चीनमधल्या फोशानचे, पुढे हाँगकाँगला शिकवायला लागले. अरुंद जागेत, हाताच्या अंतरावर ही पद्धत उत्तम चालते.

डॉक्टरांच्या हाडांच्या मुद्द्यावर: खालच्या तीन नकल्स आम्ही वापरतो त्या गोल फिरवून नाही. उभ्या मुठीत, मनगट सरळ, हाताचं हाड थेट मागे. हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सीसुद्धा जोराची रेषा करंगळीच्या बाजूने जाते असंच शिकवायचा, आणि तो काही चिनी परंपरेतला नव्हता. शिवाय आमचा नेम बहुतेक वेळा गळा, नाक, छाती. कपाळ नाही.

हाडांचा_डॉक्टर

@साखळी_बुक्की, मनगट सरळ आणि लक्ष्य मऊ असेल तर पटतं. पण समोरचा घाबरून डोकं खाली घालतो, तेव्हा नाकाच्या जागी कपाळ येतं. ती हाडं मग माझ्याकडे येतात.

पिंजरा_प्रेमी

डॉक्टरांचा मुद्दा १९९३ मध्ये डेन्व्हरला जगासमोर आला. पहिली यूएफसी, ग्लोव्हज जवळजवळ कुणीच घातले नव्हते. जेरार्ड गोर्डोने सुमोवाल्या टेइला तुलीला पाडलं, पण स्वतःचा हात मोडून घेतला आणि तुलीचा दात त्याच्या पायात रुतला. तिसऱ्या स्पर्धेत कीथ हॅकनीने महाकाय इमॅन्युएल यारब्रोला जमिनीवर डोक्यात ठोसे घालून हरवलं आणि त्याचाही हात गेला.

त्याच १९९३ मध्ये जपानात पॅनक्रेस ही लढतींची स्पर्धा सुरू झाली. तिथे डोक्यावर बंद मुठीला बंदी, उघड्या तळव्याला परवानगी. तिथल्या बास रुटेनने तळव्याच्या टाचेने लोकांना असं काही झोपवलं की तळवा म्हणजे कमजोर हत्यार हा समज निघून जावा. जबड्यावर, कानाजवळ, गोल फिरवून. तळव्यात मोडण्यासारखं फार काही नसतं, हा मोठा फायदा.

नंतर आले चार औंसचे ग्लोव्हज, बोटं मोकळी. म्हणजे पकडताही येतं आणि मारताही येतं. आता या खेळात जमिनीवर मूठ उलटी करून हातोड्यासारखी मारतात, करंगळीच्या बाजूच्या मांसावर. कराटेतलं तेत्सुइ ते हेच. बॉक्सिंगमध्ये मात्र फाउल.

लालबागचा_जॅब

बॉक्सिंगमध्ये काय काय फाउल झालं त्याचीही कथा आहे. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ला ब्लांशने स्वतःभोवती गिरकी घेऊन हाताच्या मागच्या बाजूने 'नॉनपॅरेल' जॅक डेम्प्सीला गार केलं (वरचा हेवीवेट डेम्प्सी तो वेगळा, नंतरचा). पुढे तो फटकाच नियमबाह्य ठरला. कराटेवाल्यांची उराकेन (मुठीच्या पाठीचा फटका) आणि गिरकीची बुक्की आमच्याकडे नाही, याचं कारण ती चालत नाही असं नसून चालू देत नाहीत असं आहे.

आणि जोर कुठून येतो यावर कुणी बोललंच नाही. बॅगवर माझा सरळ उजवा हात अडकायचा, तेव्हा सरांनी हाताकडे पाहिलंच नाही. मागच्या पायाची टाच बघत बसले. चवडा सिगारेट विझवल्यासारखा फिरला पाहिजे, कंबर त्याच्यामागे, खांदा त्याच्यामागे, मूठ सगळ्यात शेवटी. मूठ आधीपासून आवळून ठेवली तर खांदा जड होतो आणि ठोसा नुसता ढकलला जातो. लागायच्या क्षणीच आवळायची.

नाहाची_वाट

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आमच्याकडेही अगदी हेच: मूठ सैल जाते, लागताना घट्ट. माकिवारावर ते कळतं. भाताच्या पेंढ्याचं वेष्टण बांधलेली ती लाकडी फळी लवचीक असते, ढकललं की मागे जाऊन तुम्हालाच परत ढकलते. मनगट जरा वाकडं असेल तर लगेच झणका. पण नकल्सवर घट्टे पडेपर्यंत मारणं मला मान्य नाही, विशेषतः लहान मुलांना.

फुटाळ्याचा_भिडू

नागपूरहून. मी मुए थाई करतो, म्हणजे थायलंडची ठोसे, लाथा, गुडघे, कोपरांची लढत.

आमच्याकडे ठोसा हे दुय्यम हत्यार मानतात. थायलंडच्या पारंपरिक गुणपद्धतीत लाथ आणि गुडघ्याला जास्त वजन. म्हणून आम्ही बॉक्सरसारखे वाकून चुकवत नाही. वाकलात की गुडघा तोंडावर. उभं सरळ राहायचं, हात उंच. पण हात नुसता मुठीपर्यंत का मोजायचा? कोपर घ्या! भुवईवर कोपराची हाडाची धार घासून गेली तरी रक्त डोळ्यात, लढत थांबते. कोपराला ग्लोव्ह लागत नाही, फ्रॅक्चरची भीती कमी आणि जवळच्या अंतरात त्याच्यासारखं काही नाही.

आणि मुए थाईवाल्यांना हाताने मारता येत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: सामार्ट पायाकारून. मुए थाईचा दिग्गज, आणि १९८६ मध्ये बॉक्सिंगचं डब्ल्यूबीसी सुपर बँटमवेट विश्वविजेतेपदही त्याच्या नावावर.

ओसाकातून_नमस्कार

जपानमध्ये नोकरीला असल्याने सुमो बघायची चटक लागलीय. तिथे बंद मुठीने मारणं निषिद्ध आहे, पण उघड्या पंजाने छातीवर, गळ्याखाली सटासट दणके देत समोरच्याला मागे रेटतात. त्याला त्सुप्पारी म्हणतात. थोबाडीतही चालते, हारिते. जवळून पाहिलं तेव्हा आवाजाने दचकले होते. पैलवानांच्या मानेवरच्या पंजाची आठवण झाली.

बडोदेकर_मराठी

आपल्याकडच्या गोष्टीचा अजून उल्लेख नाही म्हणून लिहितो. वज्रमुष्टी. म्हैसूरच्या दसऱ्यात राजवाड्यात जेट्टींची (परंपरागत मल्लांची) लढत होते. डोक्याचा तुळतुळीत गोटा, उजव्या मुठीत दातेरी हत्यार, आणि पहिलं रक्त दिसलं की लढत संपली. काही क्षणांचाच खेळ.

बडोद्यातही गायकवाडांच्या दरबारात हा प्रकार होता. फ्रेंच प्रवासी लुई रूसले १८६०च्या दशकात खंडेरावांच्या काळात इथे राहिला होता, त्याने शिंगाची नखं मुठीला बांधून लढणाऱ्या मल्लांचं वर्णन करून ठेवलंय. वाचताना अंगावर काटा येतो. धागाकर्त्याच्या मुद्द्याला यापेक्षा ठळक पुरावा नाही. मुठीत दातेरी हत्यार असलं की दणक्याला जोर लागत नाही, निसटता स्पर्श पुरतो. म्हणून त्यांचं निम्मं कसब समोरच्याचं मनगट धरून ठेवण्यात. नाहाताईंचा हिकिते इथे जिवंत आहे!

सह्यकडा

मग वाघनखंही यात धरायची का? १६५९, प्रतापगड!

बडोदेकर_मराठी

वाघनखं ओरबाडून फाडायची, ठोसा मारायची नाहीत. हाताची गती पूर्ण वेगळी. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की येईन.

आर्याची_आई

सगळं मन लावून वाचलं. माझा प्रश्न साधा आहे. मुलगी तेरा वर्षांची, ट्यूशनहून संध्याकाळी एकटी येते. तिला हाताने मारायचं म्हणजे नक्की काय शिकवू? मागे एका क्लासला घातलं होतं तिथे दोन महिने नुसत्या कवायती आणि परीक्षेची फी. एकदाही कुठल्या पॅडवर हात मारू दिला नाही. काढून घेतलं.

नाहाची_वाट

ताई, तळव्याची टाच. बोटं मागे वळवून, नाकाखालून किंवा हनुवटीखालून वर. हात मोडायची, मनगट मुरगळायची भीती कमी, आणि मूठ वळायची नीट सवय नसली तरी चालतं. आणि मारून लगेच पळायचं, हे मारण्याइतकंच सरावाने शिकवा. क्लास निवडताना पहिल्याच आठवड्यात पॅडवर हात मारायला देतात का, ते बघा.

कोल्हापुरी_लंगोट

आणि मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवायचं. पकड अंगठ्यापाशीच कच्ची असते. हे पोरीला घरीच, तुमच्यासोबत, रोज थोडं थोडं करायला लावा.

हाडांचा_डॉक्टर

दोन्ही सल्ल्यांना वैद्यकीय अनुमोदन. मूठ वळायचीच झाली तर अंगठा बाहेर. आत कोंडलेला अंगठा घेऊन येणारी मुलं मी बघतो.

उलटा_ठोसा

आर्याच्या आईंनी धागा योग्य ठिकाणी आणला. मूळ प्रश्नाकडे येतो.

इतके प्रतिसाद वाचल्यावर माझं मत थोडं पुढे सरकलंय. हातावरचं आवरण आणि नियम यांच्याइतकंच अंतरही मोजायला हवं. लांबून जॅब आणि झेपेची ग्याकु-झुकी. हाताच्या अंतरावर विंग चुन. त्याहून जवळ हुक, कोपर, गोजुची पकड. आणि अंगाला अंग लागलं की पैलवानांचं राज्य. प्रत्येक शैलीने आपलं आवडतं अंतर निवडलंय आणि ठोसा त्या अंतराच्या मापाने बेतलाय. मी कराटेच्या अंतरावर बॉक्सिंगचा हुक मारतो तेव्हा तो हवेत जातो, आणि बॉक्सिंगच्या अंतरावर ग्याकु-झुकीला जागाच उरत नाही.

लालबागचा_जॅब

हे मान्य. आणि नाहाताई, कालपासून विचार करतोय: पिंजऱ्यातल्या लढतीत एका हाताने मान धरून खाली ओढतात आणि दुसऱ्या हाताने अपरकट (खालून वर ठोसा) घालतात. हिकितेच की तो! माझा आक्षेप आता एवढाच, की हातात काही नसताना तो कमरेला नेऊ नये.

नाहाची_वाट

हेच तर आमचे सेन्सेई म्हणतात. :)

साखळी_बुक्की

@उलटा_ठोसा, शनिवारी गच्चीवर ये. चार औंसचे ग्लोव्हज घालून हाताच्या अंतरावर बघू तुझा हुक बसतो की माझी साखळी.

आर्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. घराजवळ एक बॉक्सिंगचा क्लास सापडलाय, तिथे पहिल्याच दिवशी पॅड दिले. सर म्हणाले ग्लोव्हज आणि बँडेज घेऊन या. कुठल्या मापाचे घेऊ? वजन चाळीस किलोच्या आसपास आहे.

लालबागचा_जॅब

बॅग आणि पॅडसाठी ८ औंस पुरे, १० घेतले तर आणखी काही वर्षं चालतील. बँडेज लहान हाताला १०८ इंची घ्या. मोठ्यांचं १८० इंची घेतलंत तर गुंडाळता गुंडाळता ग्लोव्हमध्ये हात जाणार नाही. अंगठ्याच्या लूपपासून सुरुवात, मनगटाला तीन वेढे, मग नकल्सवर, मग बोटांच्या मधून, शेवट परत मनगटाला. फार आवळू नका, बोटांची टोकं पांढरी पडली तर सोडून परत बांधा. आणि सराव झाला की ग्लोव्हज बॅगेत कोंडून ठेवू नका, उघडे करून पंख्याखाली वाळवा, नाहीतर पावसाळ्यात वास जाता जात नाही.